म्हाळूतात्यांची रविवारची पंगत

राजुरीच्या हायस्कुलात माझी बदली झाली तेव्हा खोली मिळायला बरेच दिवस गेले. मास्तर म्हटलं की लोक खुर्ची पुढे करायचे, चहा टाकायचे आणि मग सहज म्हणून आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की माडीवरची रिकामी खोली एकाएकी कुठल्या तरी भाच्यासाठी राखून ठेवलेली निघायची. आमचं घर घोडेगावच्या बाजूचं, बौद्ध वस्तीतलं. हा भाचा मला लहानपणापासून ओळखीचा होता.

शेवटी शाळेच्या शिपायानं सांगितलं, "ओढ्यापल्याड म्हाळूतात्याकडं बघा. म्हातारा एकटाच असतो."

म्हाळूतात्या ओट्यावर बसून लसूण सोलत होते. उंच, वाळलेली अंगकाठी, डोक्याला मळका पटका. आयुष्यभर चाललेल्या माणसाच्या असतात तशा नडग्या, काटकुळ्या पण ताठ. मी नाव सांगितलं आणि त्यांनी विचारण्याआधीच आडनावही सांगून टाकलं. ते त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. लसणाची सालं फुंकून टाकत म्हणाले,

"बाजरीची भाकर चालती का?"

"चालते की."

"आन तिखाट?"

"तेही चालतं."

"मंग रविवारी दुपारचं कुठं जाऊ नका. खोलीचं काय, हायच ती."

खोलीबद्दल आमचं एवढंच बोलणं झालं. त्या पत्र्याच्या खोलीत मी पुढची कितीतरी वर्षं राहिलो.

राजुरी म्हणजे दुधाचं गाव. घरटी गोठा, गोठ्यात जर्सी गाई, सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या वाटेवर किटल्यांचा खडखडाट. अशा गावात तात्या गूळ आणि गवती चहा घातलेला कोरा चहा प्यायचे. कुणाच्या दारात गेले आणि दुधाचा चहा पुढे आला की कप हळूच बाजूला सारायचे. "मला जात न्हाई," एवढंच म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं, पित्ताचा त्रास असेल. पण ते तूपही खात नसत. दही नाही, ताक नाही, अंडं नाही, मटण तर नाहीच. माळकरी म्हणावं तर गळ्यात माळ नव्हती, आणि एकादशी कधी आली नि कधी गेली याचा त्यांना पत्ता नसायचा.

मेंढपाळाच्या घरात जन्मलेला हा माणूस. अर्धं आयुष्य त्यांनी आणे गावच्या पठारावर मेंढरांमागं काढलेलं. त्यांच्या भावकीत लग्न असो, जत्रा असो, देवाचं काही असो, पंगत मटणाची. तात्या तिथं जायचे, कडेला बसून भाकरी आणि कांदा खायचे आणि उठायचे. वाढणाऱ्याला कसंनुसं व्हायचं, यजमानाला राग यायचा. हळूहळू त्यांना बोलावणी यायची थांबली. मुद्दाम कुणी टाळलं असं नाही. खात काही नाही तर बोलवून करायचं काय, एवढंच.

मग तात्यांनी स्वतःच बोलवायला सुरुवात केली.

तीही रविवारी. रविवारी ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे प्रत्येक घरातून मटण शिजल्याचा वास येत असायचा आणि नेमकं त्याच दुपारी तात्या पातेलंभर काळा रस्सा करून माणसांची वाट बघत बसायचे. मी एकदा म्हटलं, "तात्या, शनिवारी ठेवा ना. रविवारी लोक घरचं सोडून कसे येतील?"

"शनवारी अर्ध्यांना उपास. आन सुट्टी रविवारीच असती, सर. सुट्टीबिगर मानूस बसत न्हाई, नुसता जेवतो."

रात्रीचं आमंत्रण त्यांनी कुणाला कधी दिलं नाही. घराला लागून ऊस, आणि उसात बिबट्या. दिवस कलला की ओढा ओलांडायला कुणी तयार नसायचं. तात्यांची पंगत म्हणजे भर दुपारची, उन्हातली.

मासवडी हा त्यांचा हातखंडा. नावात मासा आहे, पण माशाचा तिच्याशी संबंध फक्त आकारापुरता. चुलीवर पाण्याला फोडणी द्यायची, त्यात बेसन वैरून एका हातानं घाटत राहायचं. गरम पीठ ओल्या फडक्यावर थापायचं, वर तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबिरीचं भाजलेलं सारण पसरायचं आणि फडक्याच्याच आधारानं गुंडाळी करून दाबायची. कापली की माशाच्या तुकडीसारखी दिसते. शेजारी रस्सा, पहिल्या घोटाला नाक-डोळे वाहायला लावणारा. कधी मासवडी, कधी हुलग्याचे शेंगोळे. थंडीत बाजरीची खिचडी आणि शेंगदाण्याची आमटी, शिमग्याला तेलावर भाजलेल्या पुरणपोळ्या. कशातही दूध-तुपाचा थेंब नसायचा. जेवलेल्याला मात्र दुपारभर उठवत नसे.

हे सगळं त्यांना बायकोनं शिकवलं होतं, तेही अंथरुणावरून. काकूंना मी पाहिलेलं नाही. अर्धांगवायूनं त्या पडल्या, तेव्हा तात्यांना भाकरी थापण्यापलीकडे काही येत नव्हतं. काकूंनी खाट चुलीसमोर ओढून घ्यायला लावली.

"ती तिथनं बोलायची, मी हितं रांधायचो," तात्या सांगायचे. "पीठ वैर. हात थांबवू नको. आता जाळ मागं घे. पातेल्यात काय चाललंय ते तिला दिसायचं न्हाई, सर. वासावनं वळखायची."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. खाट तिथंच होती. पण तिच्यावर कुणी बसू नये असला प्रकार नव्हता. पंगत मोठी झाली की खाटेवरही माणसं दाटीवाटीनं बसायची, आणि त्या दिवशी तात्या जरा जास्तच खुशीत असायचे. एकदा मात्र मी पाणी मागायला लवकर गेलो होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. तात्या पाठमोरे, चुलीपाशी. मी दारात पाऊल टाकणार तोच ते चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाले, "घेतो, घेतो." मी तसाच मागे फिरलो. तांब्या रिकामाच घेऊन.

पंगतीतले ठरलेले चारदोन लोक होते. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, पिठाच्या गिरणीचा मालक, मी, आणि गेनूभाऊ. गेनूभाऊ तात्यांचे जोडीदार. दोघांनी तरुणपणी मेंढरं एकत्र चारलेली. तात्या फारसं बोलत नसत, त्याची भरपाई गेनूभाऊ करायचे. त्याशिवाय कोण कोण असायचं सांगता येत नाही. विहिरीच्या कामावरचे मजूर, खताच्या गाडीचा ड्रायव्हर, वाट चुकलेला एखादा पाहुणा. रस्त्यानं जाणाऱ्याला तात्या हाक मारायचे, "पावणं, जेवून जावा की." तो बिचकायचा. पण वास असा यायचा की चप्पल काढायचाच.

सगळे बसले की तात्या दारात उभे राहून एकदा सगळ्या पंगतीवरून नजर फिरवायचे. ओठ हलकेच हलायचे. मला वाटायचं, काही देवाचं म्हणत असतील. गेनूभाऊंनी उलगडा केला, "मोजतोय तो. सवय हाय. सांजच्याला वाड्यात मेंढरं घेताना मोजायची न्हाई का, तसं." ठरलेल्यांपैकी कुणी आलेलं नसलं की सोमवारी सकाळी तात्या त्याच्या दारात हजर. "काय रं, बरं हाय ना?" तेवढंच विचारून परत.

वाढताना ते पानाकडं बघायचे, माणसाकडं नाही. 'पुरे' म्हणून हात आडवा केला तर तो त्यांना दिसायचा नाही. चांगलं झालंय म्हणून कुणी सांगायला लागलं तर म्हणायचे, "बोलू नका, खावा." स्वतः शेवटी बसायचे. तेव्हा कुणी तरी समोर बसून राहिलेलं त्यांना लागायचं. हात धुऊन सगळेच उठले तर त्यांचं जेवण अर्ध्यावर राहायचं. आम्हाला हे कळल्यावर आम्ही पाळी लावल्यासारखे मागे थांबू लागलो.

एका सुट्टीत माझी पुतणी पुण्याहून आली होती. कॉलेजात शिकणारी, चटपटीत. तिला मी तात्यांकडे घेऊन गेलो. मासवडीवर तिनं ताव मारला, मग दूध नाही, तूप नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि ती टाळी वाजवून म्हणाली, "आजोबा, तुम्ही व्हिगन आहात!"

"म्हंजी कोन लोक?" तात्यांनी विचारलं. "न्हाई बा. आमी हाटकर धनगर."

गेनूभाऊंना ठसका लागला. पुतणीनं मग नीट समजावून सांगितलं. जगात असे पुष्कळ लोक आहेत, जनावरांचं काहीच घेत नाहीत, दूधसुद्धा नाही. तिच्या ओळखीतही दोघं-तिघं आहेत. तात्या हातातली पळी तशीच धरून ऐकत राहिले. मग अगदी मनापासून विचारलं,

"आन त्यांची बी मेंढरं गेली का?"

गेनूभाऊ ताटाकडं बघू लागले. तात्या पुढच्या पानावर रस्सा वाढायला वळले.

त्या दुपारी गेनूभाऊंना ओढ्यापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. तात्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"वयनी पडल्या त्या सालची गोष्ट. खाटंवरच्या बाईला टाकून मेंढरामागं कसा जायाचा मानूस? पोरगं, संतोष, चाकणला कंपनीत लागलेलं. त्याला मेंढरांचा वाडा नको व्हता. मंग इकायचं ठरलं. व्यापारी ट्रक घिऊन पठारावर आला. फळी लावली, तर एक मेंढरू चढंना. मानसांनी वढलं, काठ्या हानल्या. म्हाळू बघत व्हता. म्हनला, मारू नका. सोता ट्रकात चढला आन त्यानं हाळी दिली. रोज सांजच्याला वाड्यात घ्यायला द्यायचा, तीच."

गेनूभाऊ ओढ्याच्या काठावर थांबले.

"पानी चढतं तशी चढली, सर. समदी. ह्यो आत, भवतीनं मेंढरं, आन ती तोंडं वर करून ह्याच्याकडंच बघत्यात. त्यांना वाटलं, ह्यो बी येतोय संगट. मंग ह्यो कडंच्या फळीवरनं उडी मारून खाली आला. ट्रक गेला."

"आणि दूध?"

"एक मेंढी लंगडी व्हती, ती तेवढी व्यापाऱ्यानं घेतली न्हाई. तिचं कोकरू गेलेलं ट्रकात. लई वरडायची. कास तटतटली, हात लावू देईना. म्हाळूनं कशीबशी पिळली तिला, मोकळी व्हावी म्हनून. तांब्याभर दूध निघालं. तांब्या घिऊन उभा ऱ्हायला कितीतरी वेळ, आन मंग बांधाला वतून टाकलं. तवापासनं न्हाई."

संतोषला मी अधूनमधून पाहिलं होतं. मोटारसायकलवरून यायचा, किराणा टाकायचा, तात्यांची औषधं टाकायचा, गाडीवरून न उतरता दोन शब्द बोलायचा आणि जायचा. वाईट मुलगा नव्हता. चाकणची नोकरी सुटल्यावर त्यानं नारायणगावच्या पुढं, वारूळवाडीच्या बाजूला, हायवेला जागा घेऊन हॉटेल काढलं. मटण-भाकरीचं. हॉटेलाला नाव तात्यांचंच दिलं.

उद्घाटनाला तात्या धुतलेला पटका बांधून माझ्या गाडीवर बसले. हॉटेलापाशी उतरलो आणि दोघंही थबकलो. दारावर भला मोठा फ्लेक्स होता आणि फ्लेक्सवर तात्या. तरुण, खांद्यावर घोंगडी, हातात कोकरू. शेजारी उकळत्या हंडीचं चित्र, आणि खाली 'अस्सल धनगरी चव'. तात्यांनी ते एकेक अक्षर लावत वाचलं.

संतोष नवा शर्ट घालून धावपळ करत होता, घामानं भिजलेला. बापाच्या पाया पडला, त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः ताट घेऊन आला. मटण, रस्सा, भाकरी. लोक मोबाइल काढून उभे राहिले.

"तात्या, पयला घास तुमचा."

"मला जात न्हाई रं. ठावं हाय तुला."

"आजच्या दिवस. मी सोता केलंय. पहाटंपासनं चुलीम्होरं हाय."

तात्यांनी ताटातली भाकरी उचलली, कडेचा तुकडा मोडला, रश्शाला लागणार नाही असा धरून तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिले. "भाकर झ्याक झालीया," म्हणाले.

मोबाइल खाली आले. संतोष वाकला आणि हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल असं बोलला, "आख्ख्या गावाला बोलवून खाऊ घालता. रस्त्यानं जानारा बी तुमच्या पंगतीला चालतो. आन पोराच्या हातचा एक घास जात न्हाई तुमाला."

"तू ये की रविवारी."

"रविवारीच धंदा असतो, तात्या."

त्यानं ताट उचललं आणि आत घेऊन गेला.

परत येताना आळेफाटा ओलांडला. मग माझ्या खांद्यामागून आवाज आला, "सर, त्या फोटोतल्या कोकराची आई मेल्याली व्हती. त्याला काखंत घिऊन घाट चढलो. संतू तवा त्याच्या आईच्या पाठीला बांधल्याला. दोघं बी भुकेली. सारखीच वरडायची." मग म्हणाले, "संतूला कसं आठवंल ते?"

त्यानंतर संतोष येईनासा झाला. किराणा कुणाच्या तरी हाती यायचा. तात्या दर रविवारी पंगतीवर नजर फिरवायचे आणि मग एकवार ओढ्याच्या वाटेकडं बघायचे, आणि वाढायला घ्यायचे.

पंगतही विरळ होत गेली. कंडक्टर वारले. गिरणीवाल्याला साखर निघाली, त्याची सून त्याला घराबाहेर जेवू देईना. गेनूभाऊंचे गुडघे गेले आणि त्यांचा मुलगा त्यांना भोसरीला घेऊन गेला. जाताना गेनूभाऊ तात्यांना म्हणाले, "येतो रं म्हाळू," आणि दोघंही हसले, कारण दोघांनाही ठाऊक होतं. मधूनमधून माझ्या फोनवर गेनूभाऊंचा फोन यायचा. "हितं लिफ्ट हाय, समदं हाय. पर खाली उतरलं की वळखीचं एक तोंड दिसत न्हाई. म्हाळू काय करतोय? आज काय केलंय त्यानं?" मी फोन तात्यांकडे द्यायचो. तात्या फोनमध्ये फक्त पदार्थाचं नाव सांगायचे आणि परत करायचे.

माणसं कमी झाली तरी पातेलं तेवढंच राहिलं. तात्या आणि मी, असे दोघंच जेवायला आणि समोर दहाबारा जणांचा रस्सा. मी म्हटलं, "तात्या, थोडं कमी करत जा."

"कमी करायला मला येत न्हाई. तिनं जेवढ्याचं शिकवलं तेवढ्याचंच येतं."

एका रविवारी मी गावी गेलो होतो. परतलो ते दुपारी, एसटीनं. उतरलो तर थांब्यावरच्या लिंबाखाली तात्या. पुढ्यात पातेलं, भाकऱ्यांची चवड, पत्रावळ्या. थांब्यावरचे लोक लांबूनच बघत होते.

"कसला भंडारा हाय, बाबा?" एका बाईनं विचारलं.

"कसला न्हाई. जास्त झालंय."

"नवस व्हता का?"

"न्हाई."

दोन पोरं आपसांत बोलली, कुठली निवडणूक लागलीय का रे. एकानं फोटो काढला. एका बाईनं डब्यात रस्सा मागून घेतला आणि निघून गेली. शेवटी एक म्हातारे गृहस्थ पत्रावळ घेऊन खरोखर जेवायला बसले. तात्या त्यांच्यासमोर उकिडवे बसले. त्यांचा चेहरा उजळला होता. विचारपूस चालू झाली, कुठले, कुणाकडं निघालात. म्हातारे चवीनं खात होते. तेवढ्यात त्यांची गाडी आली. ते घाईघाईनं उठले, हात पंचाला पुसला आणि चढले. पत्रावळीत अर्धी मासवडी आणि मोडलेली भाकरी राहिली.

मी जवळ गेलो. तात्या त्या पत्रावळीकडं बघत होते.

"गाडी चुकवून कोन जेवतंय," ते म्हणाले. "बराबर हाय त्याचं."

मी तिथंच बूड टेकलं आणि जेवलो. भूक नव्हती.

मग माझी बदली झाली, आंबेगाव तालुक्यात, घराजवळ. गावाकडे राहिलेली बायको खूश झाली, आई खूश झाली. निघताना तात्यांनी मला तिळाच्या सारणाचा डबा दिला आणि म्हणाले, "तिकडं बी रविवारी सुट्टीच आसंल." सुरुवातीला मी दोन-तीन रविवार गेलो. मग घरचं काही ना काही निघू लागलं.

पुढच्या पावसाळ्यात संतोषचा फोन आला. तात्या ओढ्यात घसरून पडले होते. उजवं मनगट मोडलं. हाड बसलं पण वाकडं बसलं. भाकरी थापता येत नाही, पीठ घाटता येत नाही. त्यांना त्यानं हॉटेलावर आणलं होतं, मागच्या खोलीत असत. "सर, पन जेवत न्हाईत नीट. हॉटेलातलं काय त्यांना चालत न्हाई. मीच करतो त्यांचं येगळं. चार घास खात्यात आन ताट सारत्यात. चुकलं तर चुकलं म्हनावं की. तोंडातनं शब्द काढत न्हाईत. तुमी या एकदा."

मी गेलो तो कामाचा दिवस होता, तरी गर्दी होती. संतोषनं मला मागं नेलं. पत्र्याच्या शेडमध्ये, मोठ्या चुलींपासून लांब, त्यानं एक छोटी शेगडी मांडली होती. तिच्यावर नवं कोरं पातेलं. "ह्याला मटनाचा हात लावू देत न्हाई कुनाला," तो म्हणाला. हुलग्याचं पीठ मळून त्यानं शेंगोळे वळले होते. काही जाडे, काही बारीक, काही तुटलेले. त्याच्या कपाळाला पीठ लागलं होतं. समोरून पोरगा ओरडत होता, "शेठ, पाच नंबरला दोन थाळी!" संतोषचं लक्ष पातेल्यात होतं.

तात्या खोलीच्या दाराशी बसले होते. हाडं आणखी वर आली होती. मला बघून त्यांनी डावा हात उचलला. "या, सर. बसा."

संतोषनं दोन ताटं आणली. तात्यांच्या ताटात शेंगोळे वाढले, भाकरी चुरून दिली, कारण उजव्या हातानं मोडता येत नव्हती. मग तो गेला नाही. गिऱ्हाइकं ओरडत होती तरी तिथंच उभा राहिला, खांद्यावरचं फडकं दोन्ही हातांनी पिळत.

तात्या डाव्या हातानं खाऊ लागले. सावकाश. एक घास, दुसरा घास. रस्सा जास्त पातळ होता आणि लसूण करपला होता, हे मलाही कळत होतं. तात्यांनी मान वर केली नाही. ताट निम्मं झालं, मग तळ दिसू लागला. मग त्यांनी बोटांनी ताट पुसून घेतलं आणि ते संतोषपुढं धरलं.

"घाल अजून."

संतोषनं पळी उचलली. घाईघाईत अर्धा रस्सा जमिनीवर सांडला. तो वाढत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते त्यानं फडक्यानं पुसलं आणि तिखटाचा हात लागल्यानं आणखी आलं. तात्या ताटाकडंच बघत होते. समोरून पुन्हा हाक आली तेव्हा संतोष गेला.

जेवण झाल्यावर तात्या मला म्हणाले, "पोराच्या हाताला चव हाय. तिच्यासारखी न्हाई, माझ्यासारखी बी न्हाई. सोताची हाय त्याची."

"मग त्याला सांगा ना हे."

"सांगंन." थोडा वेळ ते आपल्या वाकड्या मनगटावरून दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "लई करतो तो माझं. बोलायची सोय न्हाई. मानसं बी लई असत्यात हितं दिसभर. पर मी वाढावं आसं कुनी न्हाई, सर."

मी म्हटलं, पुढच्या महिन्यात येतो. आमच्याकडे घेऊन जातो तुम्हाला चार दिवस. ते "या" म्हणाले.

ते जमलं नाही. थंडीत, झोपेतच, तात्या गेले. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यामुळे मला ते आठवतात ते त्या दुपारचेच. मला सोडायला ते हॉटेलाच्या पुढच्या बाजूला, हायवेपर्यंत आले होते. मी गाडी चालू केली, थोडं पुढं जाऊन वळण घ्यायला थांबलो आणि मागं पाहिलं. तात्या अजून रस्त्याच्या कडेला होते. ट्रक, कार, दुधाचे टँकर भरधाव जात होते. तात्या एकदा उजवीकडं बघत होते, एकदा डावीकडं, रस्ता ओलांडायला उभ्या राहिलेल्या माणसासारखे. पलीकडे त्यांचं काही काम नव्हतं. हाक मारावी इतक्या हळू कुणीच जात नव्हतं.